रूढ चालीवर गीतरचना : काही विचार

आमच्या मंडळ्यांतून नवी भक्तिगीते कशी जन्मास येतात, याचा शोध घेतला तर बहुधा एकच उत्तर मिळते. एखाद्या सणाचा, दफनविधीचा किंवा प्रभुभोजनाचा प्रसंग जवळ आलेला असतो. त्या प्रसंगास साजेसे गीत संग्रहात सापडत नाही. नवी चाल बांधण्याइतका वेळ नसतो आणि मंडळीला ती शिकवण्याइतका तर नसतोच. मग पाळक किंवा धर्मशिक्षक सर्वांना ठाऊक असलेली एखादी चाल घेतो आणि तिच्यावर नवे शब्द बसवतो. ही प्रथा वाईट नाही. ती अतिशय जुनी आणि आदरणीय आहे. परंतु ती जितकी सोपी वाटते तितकी सोपी नाही, आणि तिच्यातील चुकीचा परिणाम केवळ कानावर होत नसून श्रद्धेवर होतो. प्रस्तुत लेखात या विषयाचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

प्रारंभी आमच्याच एका चुकीची कबुली देणे योग्य होईल. पुष्कळ वर्षांपूर्वी सीमाभागातील एका लहान मंडळीसाठी आम्ही दफनप्रसंगी गाण्याचे एक गीत रचले. चाल तेथील लोकांच्या ओठांवरची होती. तिच्या पहिल्या चरणाचे आम्ही केलेले शब्द असे होते : ‘प्रभू मला सोडी ना कधी’. अक्षरे मोजून नऊ होती, चालीलाही नऊच हवी होती. कागदावर सारे यथास्थित होते. मात्र त्या चालीत सहाव्या अक्षरावर स्वर लांबतो आणि गाणारे तेथे श्वास घेतात, याकडे आमचे लक्ष गेले नाही. कबरेपाशी मंडळी गाऊ लागली, ‘प्रभू मला सोडीऽऽ’, आणि थांबली. ‘ना कधी’ हे शब्द त्यानंतर, जणू दुसऱ्याच वाक्यातले असावेत तसे, उमटले. विधी आटोपल्यावर ज्यांचे यजमान गेले होते त्या वृद्ध बाईंनी आम्हांला हलकेच विचारले, “पाळकसाहेब, प्रभू सोडतो म्हणता की काय?” त्यांच्या स्वरात उपहास नव्हता, खराखुरा प्रश्न होता. आम्ही निरुत्तर झालो.

त्या प्रश्नापासून आम्ही जे शिकलो तेच येथे मांडीत आहोत.

१. ही परंपरा किती जुनी?

स्तोत्रसंहितेतील काही स्तोत्रांच्या शीर्षकांकडे पाहावे. बाविसाव्या स्तोत्राच्या मथळ्यात ‘पहाटेची हरिणी’ अशा अर्थाचे शब्द आहेत. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ आणि पंचाहत्तर या चारही स्तोत्रांच्या मथळ्यांत ‘नाश करू नको’ अशा अर्थाचे शब्द आहेत. स्तोत्रातील आशयाशी या शब्दांचा सरळ संबंध लागत नाही. म्हणून ती त्या काळी लोकांना परिचित असलेल्या चालींची नावे असावीत, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. हे मत ग्राह्य धरल्यास, एकाच चालीवर चार स्तोत्रे गाइली जात होती असे म्हणावे लागते.

चौथ्या शतकातील सिरियन मंडळीचे महान कवी संत एफ्रेम (निधन इ. स. ३७३) यांचे उदाहरण तर आमच्या विषयाशी अगदी निगडित आहे. एदेसा नगरात बार्दैसान आणि त्याचा पुत्र हार्मोनियस यांची गीते लोकप्रिय होती आणि त्या गोड चालींबरोबर त्यांची चुकीची शिकवणही लोकांच्या मनात उतरत होती, असे पाचव्या शतकातील इतिहासकार सोझोमेन सांगतो. एफ्रेमांनी काय केले? त्यांनी त्याच चालींवर सद्धर्माचे शब्द घातले आणि लोकांना ते गावयास शिकवले, असे तो लिहितो. सिरियन हस्तलिखितांत एफ्रेमांच्या गीतांवर ‘अमुक चालीवर’ अशी सूचना आढळते. चाल ही पालखी आहे. तिच्यात कोणास बसवायचे हे गीतकाराच्या हाती असते, हे त्यांनी ओळखले होते.

मराठी वाचकाला तर ही गोष्ट नवी वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्कर हे आजच्या बेळगावी जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’ नाटकाचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, तेव्हापासून मराठी नाट्यपदे बहुतांशी रूढ चालींवरच रचली जाऊ लागली. साकी, दिंडी, कानडी चाली, पुढे उत्तर हिंदुस्थानी संगीतातील चिजा, असे सर्व काही नाटककारांनी घेतले. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी त्यांवर शब्द बसवले. जुन्या नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा निर्देश असतो, तो याच व्यवहाराची खूण होय.

ख्रिस्ती मराठी साहित्यातही हाच विचार दिसतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राचोल येथे १६१६ मध्ये छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीत लिहिले, कारण ओवी लोकांच्या कंठात आधीच वसत होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) पाश्चात्त्य वृत्तांच्या भाषांतरित गीतांबरोबरच अभंग, पदे आणि भजने यांना उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ च्या उपासनाविषयक घोषणापत्रात निरनिराळ्या लोकसमूहांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा असे सांगितले. सारांश, रूढ चाल घेणारा धर्मशिक्षक उसनवारी करीत नसून एका दीर्घ परंपरेत पाऊल टाकीत असतो.

२. अक्षरसंख्या पुरेशी नाही

इंग्रजी गीतसंग्रहात गीताखाली ८.६.८.६ असे आकडे छापलेले असतात. पहिल्या ओळीत आठ अक्षरे, दुसरीत सहा, असा त्यांचा अर्थ. यावरून आमच्यातील अनेकांची अशी समजूत होते की अक्षरे मोजली म्हणजे काम झाले. वस्तुतः आकडे हे केवळ भांड्याचे माप आहे. भांड्याचा आकार त्यावरून कळत नाही.

एक परिचित उदाहरण घेऊ. ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने जगभर गाइल्या जाणाऱ्या गीताचे शब्द जॉन न्यूटन यांचे; ते १७७९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ज्या चालीवर ते गाइले जाते ती ‘न्यू ब्रिटन’ नावाची चाल त्या शब्दांना १८३५ मध्ये, विल्यम वॉकर यांच्या ‘सदर्न हार्मनी’ या संग्रहात जोडली गेली. म्हणजे तेथेही शब्द आणि चाल यांचा विवाह पन्नासांहून अधिक वर्षांनी झाला. ही चाल सा, रे, ग, प, ध या पाचच स्वरांत फिरते. भूप रागाचे स्वरही हेच असल्यामुळे आमच्या लोकांना ती परकी वाटत नाही.

आता या चालीचा आकार पाहू. ती समेपासून सुरू होत नाही. पहिले अक्षर समेच्या आधीच्या मात्रेवर उचलले जाते आणि दुसरे अक्षर समेवर येते. पहिले अक्षर एका मात्रेचे, दुसरे दोन मात्रांचे, तिसरे पुन्हा एका मात्रेचे, चौथे दोन मात्रांचे, याप्रमाणे ओळ चालते. लघु-गुरूंच्या भाषेत सांगायचे तर : ल गा, ल गा, ल गा, ल गा. ज्यांनी वृत्तांचा अभ्यास केला आहे त्यांच्या ध्यानात येईल की हे आमचे प्रमाणिका वृत्त आहे! दादरा ठेक्यात ते सहज बसते. इंग्रजी आकड्यांखाली दडलेला साचा आमच्या घरचाच निघाला.

या चालीवर समजा कोणी लिहिले : ‘येशू दारी आला आज’. अक्षरे आठ आहेत, भाव चांगला आहे. पण गाऊन पाहावे. ‘ये’ हे दीर्घ अक्षर एका मात्रेत कोंबले जाते आणि ‘शू’ लांबतो. ‘यिशूऽ’ असा उच्चार होतो. शेवटचा ‘ज’ लांब स्वरावर येतो आणि ‘आजऽऽ’ असा केविलवाणा ओढला जातो. ज्या नामापुढे गुडघे टेकायचे तेच नाम येथे मोडले गेले! याउलट ‘जगास येशुने दिले’ ही ओळ घ्यावी : ज-गा, स-ये, शु-ने, दि-ले. येथे ‘ये’ दीर्घ स्वरावर आला, ‘शु’ कवीच्या मुभेने ऱ्हस्व झाला आणि नाम सन्मानाने उच्चारले गेले.

त्याच साच्यात एक संपूर्ण कडवे नमुन्यादाखल देतो. त्यात काव्यगुण फारसा नाही; केवळ शब्द चालीवर कसे बसतात हे दाखविण्यासाठी ते रचले आहे :

प्रभो, तुझ्या कृपेमुळे
मला नवी दिशा;
तुझ्याकडे जिणे वळे,
सरे जुनी निशा.

कृपा, दया, पिता, प्रभू, सदा, तुझा, मला हे शब्द या साच्यासाठीच घडविल्यासारखे आहेत, कारण त्यांचे पहिले अक्षर लघु आणि दुसरे गुरु आहे. देव, स्वर्ग, ख्रिस्त, प्रेम हे शब्द याच्या उलट घडणीचे आहेत. ते ओळीच्या आरंभी ठेवू नयेत, मध्ये ठेवावेत. आत्मा, येशू, तारणारा अशा शब्दांसाठी तर पुष्कळदा चालच दुसरी शोधणे हिताचे असते. इंग्रजी ओळ वारंवार हलक्या अक्षराने सुरू होते, कारण त्या भाषेत नामाआधी लहानसे उपपद किंवा शब्दयोगी पद येते. मराठीत प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. म्हणूनच भाषांतरित गीते पाश्चात्त्य चालींवर इतकी अडखळतात. दोष भाषांतरकाराच्या भक्तीचा नसून या रचनाभेदाचा असतो.

३. अभंगाची चाल

अभंगाची गोष्ट वेगळी आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असते. छंदात प्रत्येक अक्षराचा उच्चार सारखाच दीर्घ मानतात. त्यामुळे लघु-गुरूंचे बंधन राहात नाही. उदाहरणार्थ, प्रभुभोजनाच्या वेळी गाण्यासारखी ही चार चरणांची रचना पाहावी :

उभा तुझ्या दारी
भुकेला भिकारी
तूच ये बाहेरी
अन्न होण्या

भजनी ठेक्यावरील कोणत्याही परिचित अभंगाच्या चालीवर ती गाता येईल. ज्या धर्मशिक्षकाने पूर्वी कधी रचना केली नाही त्याने अभंगापासून आरंभ करावा, असा आमचा सल्ला आहे. मात्र येथेही एक काळजी घ्यावी : शब्द चरणाच्या सीमेवर तुटू नये. सहाव्या अक्षरावर अर्धा शब्द आणि पुढील चरणात उरलेला अर्धा, अशी रचना वाचताना कळते, ऐकताना कळत नाही. आणि आमच्या मंडळ्यांत गीत वाचणाऱ्यांपेक्षा ऐकून शिकणारे पुष्कळ ठिकाणी अधिक आहेत.

४. चालीची आठवण

चाल कधीही रिकामी नसते. पूर्वीच्या शब्दांचा गंध तिला चिकटून राहतो. मार्टिन ल्यूथर यांनी ख्रिस्तजन्माचे आपले प्रसिद्ध बालगीत प्रथम एका लौकिक कोड्याच्या गाण्याच्या चालीवर बसवले. ते १५३५ मध्ये छापले गेले. परंतु १५३९ मध्ये त्याच गीतास निराळी, स्वतंत्र चाल देण्यात आली. उलटपक्षी, हान्स लेओ हास्लर यांच्या १६०१ मधील एका प्रेमगीताची चाल पुढे उत्तम शुक्रवारच्या दुःखसहनाच्या गीताची चाल झाली आणि आज ती ऐकून कोणालाही ते प्रेमगीत आठवत नाही. एका चालीचा जुना गंध जातो, दुसरीचा जात नाही. याचा निर्णय नियमाने करता येत नाही, लोकांच्या कानांनीच करावा लागतो.

म्हणून चित्रपटातील किंवा लावणीच्या चालीचा मोह होईल तेव्हा एक साधी परीक्षा करावी. मंडळीतील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत तरुण अशा दोघांपुढे ती चाल केवळ पेटीवर वाजवावी आणि विचारावे, “काय आठवले?” जे आठवले ते प्रभूच्या मेजाशी आणता येण्याजोगे असेल तर खुशाल पुढे जावे. वारकरी भजनांच्या चालींविषयीही हेच लागू आहे. काही कुटुंबांना त्या आजोळच्या अंगणासारख्या आपल्या वाटतात. काहींना, विशेषतः नुकत्याच बाप्तिस्मा घेतलेल्यांना, त्या मागे सोडलेल्या वाटेकडे ओढतात असे वाटते. दोघांच्याही सद्सद्विवेकाचा मान राखणे हे पाळकाचे काम होय.

आमच्या बेळगावी, हैदराबाद, वडोदरा, इंदूर अशा ठिकाणच्या मंडळ्यांत रूढ चालीचा आणखी एक उपयोग आहे. तेथे एकाच बाकावर मराठी आणि कानडी, किंवा मराठी आणि तेलुगू, गुजराती, हिंदी बोलणारे बसतात. एकाच चालीवर दोन भाषांतील कडवी असली की ती आळीपाळीने गाता येतात, आणि पालुपदाच्या वेळी दोन्ही भाषा एका स्वरात मिसळतात. एकमेकांचे शब्द पुरते न कळणाऱ्या बंधुभगिनींना एकत्र उभे करण्याचे हे सामर्थ्य चालीतच आहे.

५. शब्द बसविण्याचा क्रम

आमच्या अनुभवास आलेला क्रम पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम चाल शब्दांशिवाय, केवळ ‘ला ला’ म्हणत, पाठ होईपर्यंत गावी. नंतर कागदावर प्रत्येक अक्षराच्या जागी लघु किंवा गुरूची खूण करावी. श्वास कोठे घेतात तेथे उभी रेघ ओढावी. सर्वांत उंच स्वर आणि सर्वांत लांब स्वर यांना वर्तुळ करावे. हा नकाशा तयार झाल्यावाचून एकही शब्द लिहू नये.

दुसरे असे की, गीताचा एकच विचार ठरवावा आणि तो एका साध्या गद्य वाक्यात लिहून काढावा. तो विचार पालुपदात आला पाहिजे, कारण पालुपद प्रत्येक कडव्यानंतर परत येते आणि लोक घरी जाताना तेच गुणगुणत जातात.

तिसरे, वर्तुळ केलेल्या जागी आ, ए, ओ हे मोकळे स्वर असलेली अक्षरे ठेवावीत. उंच स्वरावर इ किंवा उ आला की गळा आवळतो. जलद जागी जोडाक्षरांची गर्दी करू नये.

चौथे, प्रत्येक उभ्या रेघेपाशी थांबून स्वतःला विचारावे : गाणारा येथेच थांबला तर ऐकणारा काय समजेल? आमच्या दफनगीतात हाच प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

पाचवे, दुसरे आणि तिसरे कडवे त्याच नकाशावर तपासावे. पहिले कडवे चालीसमवेत सुचते म्हणून बहुधा नीट बसते. पुढची कडवी अक्षरे मोजून केली जातात आणि तेथेच गाडी रुळावरून घसरते. ‘रे’, ‘हो’, ‘बा’ अशी भरतीची अक्षरे वाढू लागली की समजावे, विचार संपला आहे. कडवे तेथेच थांबवावे.

शेवटी, गीत चालीशिवाय मोठ्याने वाचून पाहावे. जे वाचताना प्रार्थना वाटत नाही ते गाताना होणार नाही.

६. यमक आणि सिद्धांत

‘प्रार्थनेचा नियम तोच श्रद्धेचा नियम’ हे जुने सूत्र पाचव्या शतकातील अक्विटेनच्या प्रॉस्परपर्यंत मागे नेता येते. लोक प्रवचन विसरतात, गीत विसरत नाहीत. म्हणून चालीच्या किंवा यमकाच्या सोयीसाठी सिद्धांत वाकवणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. एक चूक आम्हांला हस्तलिखित गीतांत वारंवार आढळते. पहिल्या कडव्यात ‘हे पित्या’ असे संबोधन असते आणि तिसऱ्यात त्याच ‘तू’ला उद्देशून ‘क्रूसावर तू मेलास’ असे म्हटलेले असते. पित्यानेच दुःख सोसले हे मत प्राचीन मंडळीने नाकारले आहे. परंतु रचनाकाराला ते मत मांडायचे नसतेच. चालीत ‘पुत्र’ बसला नाही, ‘तू’ बसला, एवढेच घडलेले असते. तसेच ‘मी केले, मी जिंकले’ अशी रचना केवळ ‘मी’ हे सोयीचे एकाक्षरी पद असल्यामुळे होते आणि कृपेचे गीत नकळत स्वकर्तृत्वाचे गीत बनते. गीत पूर्ण झाल्यावर त्यातील सर्व सर्वनामे अधोरेखित करून ती कोणासाठी आहेत हे पाहावे. हे काम अर्ध्या घटकेचे आहे.

व्यवहाराची एक गोष्टही सांगणे आवश्यक आहे. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे, १९९२ च्या दुरुस्तीनंतर, संगीतकाराच्या निधनोत्तर साठ वर्षांपर्यंत त्याच्या चालीवर हक्क असतो. अलीकडच्या चालीवर रचलेले गीत छापावयाचे किंवा ध्वनिमुद्रित करावयाचे असल्यास परवानगी घ्यावी. अभंगाच्या आणि प्राचीन स्तोत्रांच्या पारंपरिक चालींना ही अडचण नाही.

असो. त्या वृद्ध बाईंच्या प्रश्नानंतर आम्ही घरी जाऊन ती ओळ पुन्हा लिहिली. नऊ अक्षरे, तीच चाल, तोच श्वास; शब्द मात्र असे : ‘कधी ना सोडतो प्रभू तो’. आता सहाव्या अक्षरावर मंडळी थांबते तेव्हा ‘कधी ना सोडतोऽऽ’ एवढेच ऐकू येते, आणि तेवढे पुरेसे असते. या बदलापायी यमकाच्या दोन ओळी टाकून द्याव्या लागल्या. त्या आम्हांला प्रिय होत्या. काही वर्षांनी त्याच बाईंच्या दफनविधीस आम्ही उपस्थित होतो. मंडळीने तेच गीत म्हटले. श्वासाच्या जागी सर्वजण थांबले, आणि त्या निःशब्द क्षणी वाक्याचा अर्थ कोठेही तुटला नाही. गीतकाराने चालीची मर्यादा पाळायची ती याचसाठी.